निरोप पोहोचला का?

(परिचय : शहरातील सहकारी गृहनिर्माण संस्थांना आपण बोलताना ‘सोसायटी’ म्हणतो. सोसायटीचा कारभार तिचे सभासदच चालवतात. तो नीट चालायचा असेल, तर प्रत्येक घरापर्यंत वेळेवर माहिती पोहोचली पाहिजे. ही माहिती मोबाइलवरील ग्रुपमध्ये द्यावी की सोसायटीच्या संकेतस्थळावर ठेवावी, याचा विचार या पाठात केला आहे.)

शहरात जागा कमी आणि माणसे जास्त. म्हणून घरे एकावर एक बांधली जातात. एका इमारतीत चाळीस-पन्नास कुटुंबे राहतात. प्रत्येकाचे घर वेगळे असते. पण जिना एक, पाण्याची टाकी एक, गच्ची एक आणि फाटकही एकच असते. जे सर्वांचे आहे, त्याची काळजी कोणी घ्यायची? अर्थातच सर्वांनी मिळून. त्यासाठी रहिवासी एकत्र येतात आणि सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन करतात.

ही कल्पना आजची नाही. मुंबईच्या गावदेवी भागात १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. आपल्या देशातील अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक आहे. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा कायदा आला. गृहनिर्माण संस्थांची संख्या फार वाढली, तेव्हा २०१९ साली या कायद्यात त्यांच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण जोडण्यात आले.

सोसायटीचे सभासद आपल्यातूनच एक समिती निवडतात. समितीत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार असतात. परंतु समिती म्हणजे सोसायटीची मालक नव्हे. मोठे निर्णय सर्व सभासदांच्या सभेत घेतले जातात. या सभेला सर्वसाधारण सभा म्हणतात. सभेला यायचे, तर ती कधी आहे हे आधी कळले पाहिजे. मत द्यायचे, तर विषय काय आहे हेही कळले पाहिजे. म्हणजे सोसायटीच्या कारभारात माहितीला पाण्याइतकेच महत्त्व आहे. ज्या घरात माहिती पोहोचत नाही, त्या घराचा हक्क कागदावरच राहतो.

पूर्वी हे काम जिन्याखालचा सूचना फलक करत असे. सचिव कागदावर सूचना लिहीत आणि तो कागद फलकावर लावत. येता-जाता लोक तो वाचत. महत्त्वाचे पत्र असेल, तर वॉचमन घरोघरी जाऊन ते देई आणि वहीत सही घेई. ही पद्धत संथ होती, पण तिच्यात एक गुण होता. कोणाला पत्र मिळाले आणि कोणाला नाही, हे त्या वहीवरून कळत असे.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आहे. व्हॉट्सॲप हे ॲप २००९ साली अमेरिकेत सुरू झाले. आज आपल्याकडे बहुतेक सोसायट्यांचा त्यावर एक ग्रुप असतो. ग्रुपचे फायदे तर उघडच आहेत. पैसे पडत नाहीत. वेगळे शिक्षण लागत नाही. एकदा निरोप लिहिला की तो एका क्षणात सर्वांच्या फोनवर जातो. लिफ्टमध्ये कोणी अडकले, रात्री पाण्याचा पंप बंद पडला, एखाद्या रुग्णाला रक्त हवे आहे, अशा वेळी ग्रुपसारखा मदतनीस नाही. २०२० साली टाळेबंदी होती, तेव्हा अनेक सोसायट्यांत भाजी, दूध आणि औषधे यांची व्यवस्था ग्रुपवरूनच झाली.

मग अडचण कोठे आहे? ती समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

समजा, भिवंडीत अठ्ठेचाळीस घरांची एक सोसायटी आहे. तिच्या ग्रुपमध्ये एकतीस सभासद आहेत. गुरुवारी रात्री नऊ वाजता सचिवांनी ग्रुपवर लिहिले, “उद्या टाकी धुणार आहोत. सकाळी दहा ते चार पाणी येणार नाही.” त्याच रात्री एका मुलाचा परीक्षेचा निकाल आला. ग्रुपवर अभिनंदनाचे पन्नास निरोप आले. त्यानंतर कोणी तरी फुलांचे चित्र पाठवले, कोणी पाककृती पाठवली, कोणी एक लांबलचक चित्रफीत पाठवली. टाकीची सूचना कुठल्या कुठे वर सरकली. सकाळी निम्म्या घरांनी पाणी भरलेच नव्हते. ज्या घरांत भाडेकरू राहत होते, त्यांना तर काहीच कळले नव्हते. कारण ग्रुप फक्त सभासदांचा होता. पाणी मात्र भाडेकरूंनाही लागते!

ही झाली एका दिवसाची गैरसोय. ती संध्याकाळपर्यंत संपली. पण पुढच्या महिन्यात जे घडले, ते एवढे साधे नव्हते.

पावसाळ्यात वरच्या मजल्यांवर भिंतींना ओल आली. गच्चीची दुरुस्ती करावी असे काही जणांनी सुचवले. खर्चाचा अंदाज चौदा लाख चाळीस हजार रुपये निघाला. म्हणजे प्रत्येक घरामागे तीस हजार रुपये. ग्रुपवर तीन दिवस चर्चा झाली. सतरा जणांनी अंगठ्याचे चित्र पाठवले. सचिवांनी लिहिले, “सर्वांची संमती आहे. काम सुरू करू.” आणि घरोघरी चिठ्ठी गेली : ‘पंधरा दिवसांत तीस हजार रुपये भरावेत.’

पहिल्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत होत्या. इमारतीतील मुले त्यांना ‘खाला’ म्हणत. खालांकडे बटणांचा साधा फोन होता. चिठ्ठी हातात पडली, तेव्हा त्यांना दुरुस्तीची गोष्ट प्रथमच कळली. त्यांनी ती चिठ्ठी शेजारच्या घरातील दहावीतल्या मुलीकडून दोनदा वाचून घेतली. मग ती मुलगी सचिवांकडे गेली.

“चाचा, दुरुस्तीचा निर्णय कधी झाला?” तिने विचारले.

“अगं, ग्रुपवर तीन दिवस चर्चा चालली होती. तुझ्या अब्बांनीही अंगठा दिला आहे.”

“पण खालांना कोणी विचारले का? त्यांच्या फोनवर ग्रुप नाही.”

सचिव थोडे थांबले. “कोणी तरी सांगितले असेल, असे मला वाटले,” ते म्हणाले.

“चाचा, सगळ्यांनाच असे वाटले. म्हणून कोणीच सांगितले नाही.”

सचिव वाईट माणूस नव्हते. ते नोकरी सांभाळून, एक पैसाही न घेता सोसायटीचे काम करत होते. त्यांचा हेतू चांगला होता; पण कामाची पद्धत चुकली होती. निरोप पाठवला म्हणजे तो पोहोचला, असे त्यांनी गृहीत धरले होते.

आता याच घटनेकडे नियमांच्या दृष्टीने पाहू. गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी आहेत. उपविधी म्हणजे संस्थेच्या कारभाराचे लेखी नियम. त्यांनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना किमान चौदा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. विशेष सभेची सूचना पाच पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. पूर्ण दिवस मोजताना सूचनेचा दिवस आणि सभेचा दिवस धरत नाहीत. सभा चालू करण्यासाठी एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढे सभासद हजर असावे लागतात. याला गणपूर्ती म्हणतात. अठ्ठेचाळीसचे दोन तृतीयांश म्हणजे बत्तीस. वीस ही संख्या त्याहून कमी आहे. म्हणून या सोसायटीत वीस सभासद हजर हवेत. अंगठे तर सतराच होते! शिवाय मोबाइलवरची चर्चा म्हणजे सभा नव्हे आणि अंगठ्याचे चित्र म्हणजे मत नव्हे. सभेची सूचना निघाली नाही, सभा भरली नाही, ठराव मांडला गेला नाही, इतिवृत्त लिहिले गेले नाही. मग निर्णय झाला तरी कोठे?

ग्रुपचा आणखी एक धोका आहे. तेथे आलेली गोष्ट खरी की खोटी, हे न पाहता लोक ती पुढे पाठवतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी फार दुःखद घटना घडली. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. त्या अफवेमुळे जमावाने पाच निरपराध माणसांना मारहाण करून ठार केले. ती माणसे भटक्या समाजातील होती आणि भिक्षा मागून पोट भरत होती. त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठवता येऊ नये, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने घालण्याचे ठरवले. सोसायटीच्या ग्रुपवरही ‘अमुक फेरीवाला चोर आहे’, ‘तमुक भाडेकरू संशयास्पद आहे’ असे निरोप येतात. पुरावा नसताना असा निरोप पुढे पाठवणे म्हणजे एखाद्या गरीब माणसाचा जीव धोक्यात घालणे होय.

मग यावर उपाय काय? आपल्या गोष्टीतील दहावीच्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी एक उपाय सुचवला. “चाचा, सोसायटीचे संकेतस्थळ तयार करू.”

संकेतस्थळ म्हणजे काय, हे आधी पाहू. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली एक कल्पना मांडली. तेव्हा तो जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करत होता. तेथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ येत आणि जात. एकाने लिहिलेली माहिती दुसऱ्याला सापडत नसे. ती सर्वांना आपापल्या संगणकावर सापडावी, म्हणून त्याने ‘वर्ल्ड वाइड वेब’ ही पद्धत शोधून काढली. जगातले पहिले संकेतस्थळ १९९१ साली सुरू झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही पद्धत सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. लिहिलेले हरवू नये आणि हवे तेव्हा सापडावे, ही संकेतस्थळामागची मूळ गरज होती. सोसायटीचीही तीच गरज आहे.

सोसायटीच्या संकेतस्थळावर काय ठेवता येईल? सभेची सूचना, सभेचे इतिवृत्त, वर्षाचा हिशेब, उपविधी, अर्जांचे नमुने आणि नळदुरुस्ती करणाऱ्याचा, अग्निशमन दलाचा फोन क्रमांक. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी, तारखेसह. तीन वर्षांपूर्वी टाकी दुरुस्त केली, तेव्हा किती खर्च आला? ग्रुपवर शोधायला बसलात, तर बोट दुखेल. संकेतस्थळावर ते पान लगेच सापडेल. काही सूचना मराठीत, काही उर्दूत, काही दोन्ही भाषांत देता येतील. जो सभासद गल्फमध्ये नोकरीला आहे, त्यालाही तेथे बसून हिशेब वाचता येईल.

हिशेब आणि इतिवृत्त पाहणे ही काही समितीची मेहेरबानी नाही. कायद्यानेच सभासदाला सोसायटीच्या कार्यालयात जाऊन उपविधी, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सभासदांची यादी आणि सभांची इतिवृत्ते विनामूल्य पाहण्याचा हक्क दिला आहे. संकेतस्थळामुळे हा हक्क वापरणे सोपे होते. ‘कार्यालय बंद आहे’, ‘किल्ली खजिनदारांकडे आहे’ अशी कारणे सांगायला जागा राहत नाही.

परंतु संकेतस्थळाचेही काही दोष आहेत. पहिला दोष असा, की ते स्वतःहून कोणाच्या दारी येत नाही. आपण उघडले, तरच ते दिसते. सोसायटीचे संकेतस्थळ रोज सकाळी उठून कोण पाहणार? दुसरे म्हणजे त्याला खर्च येतो. त्याच्या नावासाठी दर वर्षी शुल्क भरावे लागते. ते भरायचे राहिले, तर ते नाव दुसराच कोणी घेऊ शकतो. तिसरी गोष्ट, ते सांभाळायला माणूस हवा. एखादा हौशी तरुण संकेतस्थळ तयार करतो. पुढे त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागते. पासवर्ड त्याच्याच डोक्यात असतो आणि त्याच्याबरोबर निघून जातो. मग संकेतस्थळावर जुन्याच सचिवांचे नाव आणि जुनेच फोन क्रमांक दिसत राहतात. जुनी माहिती खरी मानून कोणी चुकीच्या क्रमांकावर मदत मागितली, तर केवढा अनर्थ होईल!

आणखी एक काळजी घ्यावी लागते. संकेतस्थळ साऱ्या जगाला दिसते. म्हणून त्याचे दोन भाग असावेत. एक भाग सर्वांसाठी खुला आणि दुसरा भाग पासवर्ड असलेल्या सभासदांसाठी. सभासदांची नावे, फोन क्रमांक आणि थकबाकी या गोष्टी खुल्या भागात कधीही ठेवू नयेत. ‘अमुक कुटुंब चाळीस दिवसांसाठी हजला गेले आहे’ असे खुल्या पानावर लिहिणे म्हणजे चोराला पत्ता देणे होय. लोकांची खासगी माहिती जपण्यासाठी संसदेने २०२३ साली एक स्वतंत्र कायदाही केला आहे. ग्रुपवरही हीच काळजी घ्यायला हवी. कारण ग्रुपमध्ये सर्वांना एकमेकांचे फोन क्रमांक सहसा दिसतात आणि एका ग्रुपमधील निरोप दुसऱ्या ग्रुपमध्ये सहज जातो.

आता दोन्ही साधने शेजारी शेजारी ठेवून पाहू. ग्रुप म्हणजे गावातला चौक. तेथे बातमी लवकर पसरते; पण चौकात बोललेले दुसऱ्या दिवशी सापडत नाही. संकेतस्थळ म्हणजे दप्तर. तेथे कागद नीट राहतो. पण दप्तर उघडून पाहावे लागते. गाव चालायला चौकही हवा आणि दप्तरही हवे. चौकात दप्तर मांडले, तर कागद उडून जातील. दप्तरात बसून आग लागल्याची बातमी लिहिली, तर ती वाचेपर्यंत घर जळून जाईल.

म्हणून कोणती माहिती कोठे द्यावी, हे सोसायटीने आधीच ठरवून घ्यावे. लिफ्ट बंद, पाणी बंद, वीज बंद अशा तातडीच्या गोष्टी ग्रुपवर द्याव्यात. त्यासाठी एक वेगळा ग्रुप करावा आणि त्यात फक्त समितीनेच लिहावे. अशी सोय व्हॉट्सॲपने २०१८ पासून दिली आहे. अभिनंदन, विनोद, फुलांची चित्रे यांसाठी दुसरा ग्रुप असू द्यावा. कारण शेजाऱ्यांनी हसू-बोलूही नये असे काही नाही. सभेची सूचना, इतिवृत्त, हिशेब या टिकाऊ गोष्टी संकेतस्थळावर ठेवाव्यात आणि ‘नवी सूचना ठेवली आहे, पाहावी’ एवढेच ग्रुपवर कळवावे. भांडणाची तक्रार ग्रुपवर मांडू नये, ती समितीला लेखी द्यावी. पासवर्ड एकाच माणसाकडे न ठेवता समितीतील दोघांकडे ठेवावा आणि समिती बदलली की तो नव्या समितीला द्यावा.

एवढे केले तरी खाला उरतातच! त्यांच्याकडे ग्रुप नाही आणि संकेतस्थळही नाही. म्हणून जिन्याखालचा सूचना फलक काढून टाकू नये. ज्या घरांत साधा फोन आहे, ज्यांना वाचता येत नाही किंवा नीट दिसत नाही, अशा घरांची यादी करावी. सूचना निघाली की त्या घरांची बेल वाजवावी आणि निरोप तोंडी सांगावा. अठ्ठेचाळीस घरांत अशी घरे पाच-सहाच असतील. त्याला फार तर अर्धा तास लागेल.

आपल्या गोष्टीतील सोसायटीने शेवटी हेच केले. सचिवांनी ती चिठ्ठी मागे घेतली. पाच पूर्ण दिवस आधी सूचना देऊन विशेष सभा बोलावली. सूचना फलकावर लागली, ग्रुपवर गेली आणि खालांच्या घरी सचिव स्वतः घेऊन गेले. सभेला चौतीस सभासद आले. खाला सर्वांत मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी या इमारतीत पहिल्या दिवसापासून राहते. दहा वर्षांपूर्वीही अशीच ओल आली होती. तेव्हा गच्ची चांगली होती, टाकीचा नळ भिंतीत फुटला होता. आधी तो नळ तपासा.”

नळ तपासला. तो खरोखरच गळत होता. गच्चीचा काही भागही दुरुस्त करावा लागला. पण घरामागे तीस हजारांऐवजी अठरा हजार रुपयांत काम झाले. जी गोष्ट ग्रुपमधील एकतीस जणांना माहीत नव्हती, ती ग्रुपबाहेरच्या एका वृद्ध बाईला माहीत होती.

विद्यार्थ्यांनो, घरात मोबाइल सर्वांत चांगला कोणाला चालवता येतो? तुम्हालाच. म्हणून ही जबाबदारीही तुमची आहे. सोसायटीत असा, चाळीत असा की मोहल्ल्यात असा, महत्त्वाची सूचना तुमच्या वाचनात आली, की एक मिनिट थांबा. ही सूचना कोणाच्या फोनवर आली नसेल, याचा विचार करा. मग त्या घरी जा आणि विचारा, “निरोप पोहोचला का?”

शब्दार्थ

सभासद – सदस्य (उर्दू : रुक्न)
अध्यक्ष – संस्थेचा प्रमुख (सदर)
सचिव – संस्थेचे कामकाज पाहणारा (मोतमद)
खजिनदार – पैशांचा व्यवहार पाहणारा (खाजिन)
ठराव – सभेत मांडलेला व मंजूर झालेला निर्णय (करारदाद)
इतिवृत्त – सभेत काय झाले याची लेखी नोंद (रूदाद)
उपविधी – संस्थेचे लेखी नियम
गणपूर्ती – सभेसाठी आवश्यक असलेली कमीत कमी उपस्थिती
सूचना फलक – ज्यावर सूचना लावतात तो फळा
संकेतस्थळ – इंटरनेटवरील माहितीची जागा, वेबसाइट
लेखापरीक्षण – हिशेबाची तपासणी
थकबाकी – द्यायची राहिलेली रक्कम
निरपराध – ज्याचा काही गुन्हा नाही असा (बेकसूर)
गृहीत धरणे – खात्री न करता खरे मानणे
अनर्थ – मोठे नुकसान, संकट

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था कोणत्या साली स्थापन झाली?
(आ) सोसायटीचे मोठे निर्णय कोठे घेतले जातात?
(इ) टाकी धुण्याची सूचना भाडेकरूंना का कळली नाही?
(ई) पासवर्ड किती जणांकडे ठेवावा असे पाठात सांगितले आहे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घरोघरी पत्र देऊन सही घेण्याच्या जुन्या पद्धतीत कोणता गुण होता?
(आ) सतरा जणांनी अंगठ्याचे चित्र पाठवले, तरी निर्णय झाला असे का म्हणता येत नाही?
(इ) संकेतस्थळाचे दोन भाग का असावेत?
(ई) टिम बर्नर्स-ली याला कोणती अडचण दूर करायची होती?

प्र. ३. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) ग्रुप आणि संकेतस्थळ यांचे प्रत्येकी दोन गुण व दोन दोष लिहा.
(आ) ‘सचिव वाईट माणूस नव्हते, पण कामाची पद्धत चुकली होती.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

प्र. ४. पुढील माहिती कोठे द्यावी ते सांगा आणि कारण लिहा. (तातडीचा ग्रुप / संकेतस्थळ / समितीला लेखी पत्र)
(अ) लिफ्ट दोन तास बंद राहील.
(आ) मागील वर्षाचा जमाखर्च.
(इ) वरच्या मजल्यावरून कचरा टाकतात.
(ई) वार्षिक सभेचे इतिवृत्त.

प्र. ५. गणित करून पाहा.
एका सोसायटीत चोवीस सभासद आहेत. पाठातील नियमाप्रमाणे सभेच्या गणपूर्तीसाठी किती सभासद हजर हवेत?

भाषाभ्यास

(अ) पुढील शब्द मराठीतही आहेत आणि उर्दूतही आहेत. पण त्यांच्या अर्थांत फरक आहे. तो लक्षात घ्या.
फलक – मराठीत फळा, उर्दूत आकाश.
तक्रार – मराठीत गाऱ्हाणे. उर्दूत तेच ते पुन्हा म्हणणे, वाद.
दप्तर – मराठीत कागदपत्रांचा संग्रह, तसेच शाळेची पिशवी; उर्दूत कार्यालय.
जाहीर – मराठीत सर्वांना कळवलेले. उर्दूत उघड, स्पष्ट.
या चारही शब्दांचा मराठी अर्थाने वाक्यांत उपयोग करा.

(आ) ‘अफवा’ हा शब्द दोन्ही भाषांत एकाच अर्थाने येतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ ‘तोंडे’ असा आहे. अफवेला हे नाव का पडले असेल, ते तुमच्या शब्दांत सांगा.

(इ) पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा, जे मराठीत व उर्दूत एकाच अर्थाने वापरतात. (उदा. खर्च, हजर)

(ई) वचन बदला : सूचना, सभा, इमारत, भिंत, चिठ्ठी.

उपक्रम

तुमच्या इमारतीत, चाळीत किंवा मोहल्ल्यात सूचना कशा दिल्या जातात, याची माहिती घ्या. कोणत्या घरांपर्यंत त्या पोहोचत नाहीत, ते शोधा. पाणी बंद राहण्याची एक सूचना मराठीत व उर्दूत तयार करा. तिच्यात तारीख, वेळ, कारण आणि सूचना देणाऱ्याचे नाव असू द्या. ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.